लव्ह ॲक्च्युअली
लव्ह ॲक्च्युअली हा २००३ साली प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील प्रणयप्रधान विनोदी चित्रपट आहे. फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल व नॉटिंग हिल या चित्रपटांचे पटकथाकार रिचर्ड कर्टिस यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट होय.

नाताळच्या पाच आठवडे आधी लंडनमध्ये कथानक सुरू होते. त्यात एकच नायक नसून, नात्याने वा ओळखीने जोडलेल्या अनेक पात्रांच्या कथा समांतर चालतात. ह्यू ग्रँट यांनी कार्यालयातील कर्मचारी तरुणीच्या प्रेमात पडलेला पंतप्रधान, तर लियाम नीसन यांनी नुकताच विधुर झालेला सावत्र पिता साकारला आहे. उतारवयातील गायकाच्या भूमिकेसाठी बिल नाय यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

विनोदी म्हणवणाऱ्या या चित्रपटातील सर्वाधिक स्मरणात राहणारा प्रसंग मात्र दुःखाचा आहे. पतीच्या खिशात सोन्याचा हार पाहिलेल्या कॅरेनला (एमा थॉम्प्सन) भेट म्हणून मिळते ती जोनी मिचेल यांची सीडी. हार दुसऱ्या स्त्रीसाठी होता हे उमगल्यावर ती शयनगृहात एकटीच रडते, पलंगावरची चादर नीट करते आणि हसऱ्या चेहऱ्याने मुलांकडे परतते.

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. वरिष्ठ पुरुष व हाताखालील तरुणी यांच्यातील प्रेमकथा, तसेच स्त्रियांच्या वजनावरील विनोद यांवर पुढे टीका झाली. अशा विनोदांबद्दल कर्टिस यांनीही नंतर खेद व्यक्त केला. तरीही अनेक घरांत हा चित्रपट दर नाताळात पाहिला जातो. सलाम-ए-इश्क (२००७) या हिंदी चित्रपटाची रचना याच धर्तीची आहे.