बकऱ्याला हगवण लागली तर: घरचा काढा कधी, डॉक्टर कधी

चाकणच्या शनिवारच्या बाजारातून बकरा घरी आला की मुलं लाडाने चपाती, भात, मका भरवतात. चाऱ्यावर वाढलेल्या जनावराला एकदम एवढं धान्य झेपत नाही. पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, हगवण लागते. ईदच्या आधी ही तक्रार हमखास ऐकू येते.

आधी धान्य, चपाती बंद करा. सुका चारा आणि स्वच्छ पाणी एवढंच द्या. गॅस धरला तर ओवा, सुंठ, चिमूटभर हिंग; हगवणीला डाळिंबाच्या सालीचा काढा, ही आपल्याकडची जुनी रीत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गाई-म्हशींच्या हगवणीसाठी सांगितलेल्या मिश्रणातही जिरं, मेथी, हळद, हिंग आहे. बकऱ्याला मात्र त्याहून खूप कमी द्यायचं. आणि पाजताना मान वर ताणू नका. काढा फुप्फुसात गेला तर जनावर त्यातच दगावतं.

डावी कूस ढोलासारखी फुगली, लेंडीत रक्त दिसलं किंवा बकरा उठेनासा झाला, तर काढ्यात वेळ घालवू नका. १९६२ वर फोन लावा. जास्त धान्याने आंत्रविषारही होतो, त्यात काही तासांत खेळ संपतो. त्याची लस टोचली आहे का, हे बाजारात भाव करतानाच विचारून घ्या.