‘का?’ विचारायचं कसं: कोरियन भाषेतल्या एका प्रश्नाची सहाशे वर्षं

आजची गोष्ट सुरू होते चाकणच्या एका कारखान्यात आणि जाते थेट १४४४ सालच्या कोरियन दरबारात. मध्ये थोडं व्याकरण लागेल, पण पळू नका. कोरियन सिरियल बघणाऱ्यांना तर त्यातला अर्धा भाग आधीच माहीत असेल.

तर झालं असं. मी एका कोरियन कंपनीत दुभाषी म्हणून नवीन लागले होते. पहिल्याच आठवड्यात आमचे पुजांगनिम, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले, उद्यापासून रिपोर्ट सकाळी नको, संध्याकाळी द्या. मला कारण हवं होतं, कारण खाली लाइनवरच्या पोरांना ते मलाच समजावून सांगायचं होतं. मी विचारलं, “वेयो?” ‘वे’ म्हणजे का, आणि मागे ‘यो’ लावलं की आदर आला, असं क्लासमध्ये शिकले होते. खोलीत एकदम शांतता! पुढचे तीन आठवडे मला एकाही मीटिंगला बोलावलं नाही.

शेवटी एका कोरियन सीनिअरनं जेवताना सांगितलं. वयानं, हुद्द्यानं मोठ्या माणसाला नुसतं “वेयो?” म्हणणं म्हणजे आपल्याकडे मोठ्यांना “का म्हणून?” असं तोंडावर विचारणं. मला राग आला. कारण विचारणं हा उद्धटपणा कसा? मग मी वाचायला लागले आणि मागे मागे जात राहिले.

आता चला १४४४ मध्ये. राजा सेजोंगनं नुकतीच २८ अक्षरांची नवी लिपी तयार केली आहे. आज आपण तिला हांगुल म्हणतो. त्याआधी कोरियात लिहिणं म्हणजे मुख्यतः चिनी अक्षरं, आणि ती शिकायला फुरसत असणार फक्त वरच्या वर्गाला. लिपी तयार होऊन दोनच महिने झाले आणि राजाच्याच विद्वान-मंडळातल्या, जिफ्यॉनजॉनमधल्या, सात जणांनी विरोधाचा अर्ज दिला. त्यांचा पुढारी होता छे मान-री. म्हणणं असं की चीनची लिपी सोडून स्वतःची लिपी काढणं हे मंगोल, जपानी अशा रानटी लोकांचं लक्षण.

राजानं सगळ्यांना समोर बोलावलं आणि कारणं विचारली. जुन्या काळी सॉल छोंगनं चिनी अक्षरांनीच कोरियन लिहायची ‘इदू’ नावाची रीत घालून दिली, तीही लोकांच्या सोयीसाठीच होती ना? मग तो बरोबर आणि तुमचा राजा चूक, हे कसं? त्या सातांत किम मुन नावाचा एक होता. त्यानं आधी राजाला सांगितलं होतं, की लिपीत काही वावगं नाही. आता त्याचीच विरोधात सही. सगळ्यांना एक दिवस कोठडीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. पण किम मुनबद्दल वेगळा हुकूम निघाला: या माणसानं शब्द का फिरवला, याची चौकशी करा.

बघा, वरून खाली आलेला ‘का’ म्हणजे चौकशी. खालून वर गेलेला ‘का’ म्हणजे बंड. माझ्या त्या खोलीतली शांतता इतकी जुनी होती!

गंमत म्हणजे राजानं हे सगळं बोलला असणार कोरियनमध्ये, पण दरबारी इतिहासात ते नोंदलं गेलं चिनीत. बोलली जाणारी कोरियन भाषा जशीच्या तशी कागदावर दिसायला लागली ती १४४६ मध्ये लिपी जाहीर झाल्यानंतरच्या पुस्तकांत. आणि त्या पुस्तकांत ‘का’चं जे व्याकरण सापडतं, ते भन्नाट आहे.

आपल्याकडे “जातोस का?” आणि “का जातोस?” यांत फरक कशानं होतो? ‘का’च्या जागेनं. पंधराव्या शतकातल्या कोरियनमध्ये तो फरक शेवटच्या प्रत्ययानं व्हायचा. हो-नाही असं उत्तर हवं तर शेवटी ‘गा’. का, कुठे, कोण असा शब्द असेल तर शेवटी ‘गो’. मराठी ‘का’शी हे जुळतं तो निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. “तो का गेला?” आणि “तू का गेलास?” यांनाही वेगळे शेवट होते. समोरच्याला थेट त्याच्याबद्दल विचारायचं असेल तर ‘न्दा’ असा खास प्रत्यय लागायचा. म्हणजे दुसऱ्याचं कारण विचारणं वेगळं आणि तुझं कारण तुलाच विचारणं वेगळं, हे व्याकरणालाच ठाऊक होतं. पुढच्या काही शतकांत ‘न्दा’चा हा वापर गेला. सेऊलच्या आजच्या बोलीत “कायो?” म्हणजे जाताय का, आणि “वे कायो?” म्हणजे का जाताय. शेवट एकच. पण बुसानकडे, ग्यॉंगसांग भागात, जुनं अजून जिवंत आहे. तिथे “काना?” म्हणजे जातोस का, आणि “वा कानो?” म्हणजे का जातोस. पुढच्या वेळी सिरियलमध्ये बुसानचं पात्र आलं की कान देऊन ऐका.

मग प्रत्यय गेल्यावर तो नाजूकपणा कुठे गेला? तो आडवळणात गेला. कोरियातल्या दवाखान्यात किंवा ऑफिसात गेलात की विचारतात, “ऑत्तॉखे ओश्यॉस्सॉयो?” शब्दशः अर्थ, कसे आलात? नवशिके उत्तर देतात, बसनं! खरा प्रश्न असतो, काय काम काढलंत? तिथे ‘वे’ वापरलं तर “कशाला आलात?” असं टोचतं. आणि आपण दारातल्या पाहुण्याला काय म्हणतो? “कसं काय येणं केलंत?” आपणही ‘का’च्या जागी ‘कसं’ घालतोच की. जुन्या कोरियनमध्ये तर कसं आणि का या दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा.

महिन्याभरानं माझ्यावर पुन्हा तीच वेळ आली. या वेळी मी म्हणाले, “होक्शी मुसुन इयूगा इस्सुशिन्गायो?” म्हणजे, काही विशेष कारण आहे का? ‘का’चा प्रश्न मी हो-नाहीच्या प्रश्नात बदलला होता. समोरच्याला “नाही” म्हणून सुटायची वाट ठेवली होती. आणि शेवटच्या ‘गायो’मधला ‘गा’ ऐकलात? तो पंधराव्या शतकातलाच.

पुजांगनिम हसले. म्हणाले, सेऊलचं घड्याळ साडेतीन तास पुढे, तिथल्या सकाळच्या मीटिंगआधी आकडे हवेत. एवढंच! मी खाली जाऊन पोरांना सांगितलं आणि कुरकुर थांबली.

माझा राग पूर्ण गेला नाही, खरं सांगते. खालच्यानं कारण विचारताना शब्द इतके तोलावेत आणि वरच्यानं नुसता हुकूम सोडावा, हे मला आजही खटकतं. पण सेजोंगची एक गोष्ट विसरता येत नाही. लिपी जाहीर करताना त्यानं स्वतःचं कारण आधी सांगितलं: साध्या लोकांना काही सांगायचं असतं आणि ते लिहिता येत नाही, याचं वाईट वाटलं म्हणून ही अक्षरं केली. राजा होता, कुणी “वेयो?” विचारणार नव्हतं. तरी सांगितलं.

तुमच्या ऑफिसात, घरात ‘का’ कोण कुणाला विचारू शकतं? जरा बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!