दोन चुलींचे घर

आमच्या शाळेत दर वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी वादविवाद स्पर्धा होते आणि तिचा विषय बहुधा ठरलेलाच असतो: 'गाव बरे की शहर?' गावाच्या बाजूने बोलणारा मुलगा शुद्ध हवा, विहिरीचे गोड पाणी, झाडावरचा हापूस आणि शेजारधर्म यांची यादी घडाघडा म्हणतो. शहराच्या बाजूने बोलणारी मुलगी कॉलेज, इस्पितळ, नोकरी आणि न जाणारी वीज यांची यादी तितक्याच घडाघडा म्हणते. टाळ्या दोघांनाही सारख्या पडतात. परीक्षक या नात्याने मीही बहुतेक वेळा दोघांना सारखेच गुण देऊन मोकळा होतो. लहान गावात राहणाऱ्या शिक्षकाला कोणाच्याच आईबापाशी वाकडे घेऊन चालत नाही.

गेल्या वर्षी मात्र स्पर्धा संपल्यावर मागच्या रांगेतली सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, गाव एवढे बरे असेल तर सगळे मुंबईला गेले कशाला? आणि मुंबई एवढी बरी असेल तर गणपतीला गाड्या भरभरून परत येतात कशाला?" सभा हसली. मीही हसलो आणि सरबत आले असे सांगून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही गेला नाही. त्या मुलीला तेव्हा जे सांगायला हवे होते ते आता सावकाश सांगून पाहतो.

आधी जाण्याचे पाहू. कोकणची माणसे मुंबईला गेली ती मौजेखातर नव्हे. जांभ्या दगडाचा कातळ, उताराची जमीन, चार महिने कोसळून समुद्राला मिळणारा पाऊस, आणि वर्षभर पुरेल इतके भात न देणारी तुटपुंजी शेती! त्यातही पुष्कळ गावांतली जमीन खोताच्या ताब्यात. कुळाने कसायची आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात नेऊन ओतायचा. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती मोडली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर कितीतरी घरांतले कर्ते पुरुष वळकटी काखेला मारून निघून गेले होते.

तिकडे मुंबईलाही माणसे हवीच होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी कापडाची गिरणी उभारण्याचा घाट घातला आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या; आणि १८७२ च्या शिरगणतीत वस्ती उरली ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसे कमी! मुंबईचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. ती हाक मारते तेव्हा आईसारखी मारते आणि काम संपले की ओळख देत नाही.

तरीही माणसे पुन्हा आली, कारण गिरण्या वाढत होत्या. १९११ साली मुंबईतल्या दर दहा माणसांपैकी आठ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांच्या वर होती. त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला. सुमारे पावणेदहा लाखांच्या शहरात दर पाच माणसांमागे एक आमच्याकडचा, असा त्याचा हिशेब.

माझे आजोबा त्यांच्याच पुढच्या पिढीतले. किनाऱ्यापासून लांब उभ्या राहिलेल्या आगबोटीपर्यंत पडावातून जायचे आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद. त्या दिवसांत गावी कोणी दगावले तर कळायचे ते सुतक फिटल्यावर. गावाने भाड्याने घेतलेली चाळीतली एक खोली असायची. तिच्यात गावचे दहावीस पुरुष. दिवसपाळीचा उठला की त्याच्याच पथारीवर रातपाळीचा आडवा व्हायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, खुंटीला कपडे, आणि जेवण खानावळवाल्या मावशीकडे. रविवारची सुट्टीसुद्धा गिरणीकामगाराला आपोआप मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून ती मिळवली, तेव्हा १८९० साल उजाडले होते.

एवढे हाल, तर मग शहराने दिले काय? नुसता पगार म्हणाल तर ते अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर दोन मोठ्या माणसांच्या चरित्रांत सापडते.

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी भर पावसात घाट चढून साताऱ्याला पायी गेले. शंभरावर मैलांची ती चाल. साताऱ्याला पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! कारण काय, तर मुरुडला शाळा होती, पण त्या शाळेच्या पुढे वाट नव्हती. पुढे मुंबईने त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवले, १८८४ साली पदवी दिली. कर्वे गावाला विसरले नाहीत. गावाच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी १८८६ साली मुरुड फंड सुरू केला. मग ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पत्नीला घेऊन गावी गेले तेव्हा मुरुडने काय केले? त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना जवळ केले तर घरच्यांवरही बहिष्कार! ज्याने गावासाठी निधी जमवला त्याला गावात पाठ टेकायला जागा नाही. शेजारधर्माचे गोडवे गाणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट मी सांगत नव्हतो, ही माझी चूक. जो शेजारी अडीनडीला धावून येतो, तोच शेजारी तुमच्या घरात कोण जेवले याचा हिशेबही ठेवतो. शहरात हा हिशेब कोणी ठेवत नाही असे नाही; पण तिथे एका आळीने वाळीत टाकले तर माणसाला दुसरी आळी असते.

पण लगेच शहराच्या बाजूला टाळ्या नकोत. दुसरे चरित्र ऐकावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. त्याला बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि नळाला हात लावायची बंदी. १९०१ साली वडिलांना भेटायला ही भावंडे कोरेगावी निघाली, तर स्टेशनावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. काही वर्षांनी हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीतल्या एका खोलीत आले. खोली इतकी लहान की मुलाने आधी झोपून घ्यायचे आणि सगळे झोपले की वडिलांनी त्याला रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. त्याच मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला दिले, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात पुढाकार घेतला. सार्वजनिक बागेतला बाक ही केवढी मोठी वस्तू आहे! त्यावर बसण्याआधी कोणी जात विचारत नाही. असा बाक साताऱ्यात त्याला मिळाला नव्हता.

मात्र त्याच मुंबईच्या सरकारी शाळेत फळ्यावर गणित सोडवायला तो उठला, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते दूर फेकले. आणि गिरणीतल्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना तो विटाळ चालत नसे. म्हणजे चांगला पगार जिथे, तिथेच दार बंद. आमच्या माणसांनी गावाहून येताना ट्रंकेत कुळीथ आणि कोकमे आणली, तशी ही घाणही आणली होती.

आता या इतिहासातला सर्वांत गप्प राहिलेला भाग. १९११ च्या सुमारास मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेसुद्धा नव्हत्या. मग त्या होत्या कुठे? त्या गावाला होत्या. नांगरटीपासून मळणीपर्यंत सारे करत, सासूसासऱ्यांचे आजारपण काढत, पोस्टमनची वाट पाहत. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि आमचा जिल्हा पुढे तिच्यावरच जगला. माझ्या आजीला वाचता येत नव्हते. मनीऑर्डरीला खाली मजकुरापुरती एक चतकोर पट्टी असे. ती वाचून घ्यायला आजी शाळेत मास्तरांकडे जाई. "प्रकृतीस जपावे, पोरांस शाळेत घालावे" याहून जास्त त्या पट्टीत मावत नसे, आणि मास्तरांच्या तोंडून ऐकायचे म्हटल्यावर आजोबांनाही त्याहून जास्त लिहिता येत नसे. त्या पट्ट्या आजीने एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. वाचता येत नसलेल्या बाईने जपलेली ती पत्रे मी मोठा झाल्यावर तिला पुन्हा वाचून दाखवली.

आजीने मुंबई आयुष्यात एकदाच पाहिली. आजोबा गिरणीतून निवृत्त झाले तेव्हा सामान आवरायला ती आठ दिवस गेली होती. परत आल्यावर शेजारणींनी विचारले, "कशी काय मुंबई?" आजी म्हणाली, "एवढ्याशा खोलीत एवढी माणसे, आणि एवढ्या घरात मी एकटी." गाव आणि शहर यांवर पुष्कळ वाचले, पण यापलीकडे कोणी काही सांगितले आहे असे मला वाटत नाही.

संकट आले म्हणजे मात्र ही दोन ठिकाणे एकच घर असल्याचे उघड होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गावाकडे पळाली. १९८२ साली १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा कितीतरी संसार गावच्या भातावर तगले. २०२० साली टाळेबंदीत चाकरमानी पायी, दुचाकीवर, मिळेल त्या वाहनाने आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौदा चौदा दिवस राहिले. काही गावांनी भाकरी पोहोचवली, काही गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. मुरुडचा बहिष्कार आठवावा असाच तो देखावा होता. आपल्याच माणसाला दारात उभे करायचे, फक्त कारण नवे.

आणि एक आकडा सांगतो, म्हणजे वादविवाद करणाऱ्या दोन्ही बाजू जरा थांबतील. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गही घटला. पण त्याच दहा वर्षांत कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या अडीच लाखांनी घटली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि गिरणगावातला माणूस विरार, कल्याण, बदलापूरकडे सरकला. ज्याने गाव सोडले त्याला शहरानेही सोडले! आज तो ना परळचा ना पालगडचा. दोन्हीकडे त्याचे नाव चाकरमानीच.

तर त्या मुलीला माझे उत्तर असे. बाळ, माणसे गेली कारण गावात वाट पुढे जात नव्हती, आणि येतात कारण शहरात त्यांना घर मिळाले नाही. गाव बरे की शहर, हा प्रश्नच जरा तिरका आहे. ज्या ठिकाणाहून माणसाला हवे तेव्हा जाता येते आणि गेल्यावर मान खाली न घालता परत येता येते, ते ठिकाण बरे. कर्व्यांना जाता आले, पण परत येता येईना. भीमरावाला जाता आले, पण नव्या ठिकाणीही जुनेच कुंपण भेटले. आणि माझ्या आजीला तर कोणी 'जातेस का?' असे विचारलेच नाही.

कर्व्यांनी पुढे काय केले तेही सांगायला हवे. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. ज्या खेड्याने दार लावले, त्याच खेड्याला शाळेचे दार करून देण्यासाठी म्हातारा पुन्हा वर्गणी गोळा करू लागला. गावावरचा राग असा काढणारी माणसे थोडी.

या वर्षी स्पर्धेचा विषय मी बदलला. 'आपल्या गावात परत यायला माणसाला काय हवे?' असा ठेवला. मुले गोंधळली, कारण या विषयाची तयार भाषणे कोणाकडे नव्हती. हापूसची यादी कोणी म्हटली नाही. आठवीत गेलेली ती मुलगी मात्र पहिली उभी राहिली आणि म्हणाली, "आधी जाऊ तर द्या, मग सांगते."

तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले. सभेत तिचे वडीलही बसले होते.