ग्रंथि किती काढावी?

गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि गरजेहून अधिक काम करूं लागली, म्हणजे छाती धडधडते, हात कांपतात, देह झडतो. शस्त्रवैद्यापुढें तेव्हां प्रश्न पडतो: ती समूळ काढावी, कीं थोडी राखावी?

याचा पहिला धडा गलगंडाच्या रोग्यांनीं दिला. बर्नचे थिओडोर कोखर सावकाश, नेटक्या हातानें समूळ ग्रंथि काढीत. १८७४ सालीं त्यांनीं एका बालिकेवर हीच शस्त्रक्रिया केली. मुलगी वांचली, पण पुढें कळलें, कीं तिची वाढ खुंटली व बुद्धि मंदावली. कोखर यांनीं जुने रोगी परत बोलावले. समूळ छेद झालेल्या १८ जणांपैकीं १६ जणांची थोडीफार हीच दशा! १८८३ सालीं बर्लिनच्या परिषदेंत त्यांनीं तें स्वतःच सांगितलें. असें धैर्य विरळा.

मग अतिक्रियेच्या रोगांतहि शस्त्रवैद्य थोडा भाग राखूं लागले. परंतु राखलेला भाग कधीं पुन्हां उसळे. १८९१ सालीं मरे यांनीं मेंढ्याच्या ग्रंथीचा अर्क टोंचून उणीव भरून काढली, आणि समूळ छेदाचें भय ओसरलें. आज रोजच्या गोळीच्या भरंवशावर अनेक शस्त्रवैद्य समूळ छेदच पसंत करतात. आवाजाची नस व शेजारच्या चार इवल्या ग्रंथि जपण्यास मात्र हात अजून कोखर यांच्यासारखाच लागतो.