सोलापूरचें आंदण आणि फिरंग्यांची दर्यावरील सत्ता

दक्षिणेंतील शाह्यांच्या इतिहासांत सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचें नांव वारंवार येतें. विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यांत या किल्ल्यावरून सुमारें चाळीस वर्षें तंटा चालला, आणि तवारिखकारांनीं तो बहुधा सोयरिकींतील रुसव्याच्या स्वरूपांत सांगितला. परंतु त्याच चाळीस वर्षांत पोर्तुगीजांनीं, म्हणजे आमच्या जुन्या कागदांतील फिरंग्यांनीं, गोवें व चौल येथें आपले पाय रोवले. या दोन गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत वाचण्याची आपणांस संवय आहे. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम दर्यावरील स्थिति पाहूं. मिऱ्यांचा व्यापार तांबड्या समुद्रांतून मिसरांत व तेथून व्हेनिसला जात असे. तो मोडून स्वतःच्या हातीं घ्यावा हा पोर्तुगालच्या राजाचा मनोदय होता. त्याच्या विरुद्ध मिसरच्या सुलतानानें आरमार धाडलें. गुजराथच्या गलबतांच्या साह्यानें त्यानें इ. स. १५०८ मध्यें चौलपाशीं फिरंग्यांचा पराभव केला, पण १५०९ मध्यें दीवच्या लढाईंत त्याचा मोड झाला. तेव्हांपासून ‘कार्ताझ’ नांवाचा फिरंगी परवाना घेतल्यावांचून जहाज हांकारणें धोक्याचें झालें. दक्षिणी दरबारांस यांत विशेष सल होता तो घोड्यांचा. आरबस्तान व इराण येथील घोडे समुद्रमार्गेंच येत, आणि घोड्यांवांचून फौज नाहीं. दाभोळ व गोवें हीं आदिलशाहीचीं बंदरें, तर चौल निजामशाहीचें. म्हणून फिरंग्यांस आवर घालणें हें या दोन दरबारांचें समान कार्य होतें.

तें झालें नाहीं, याचें एक मोठें कारण सोलापूर. आल्बुकर्कनें १५१० च्या नोव्हेंबरांत गोवें कायमचें घेतलें. त्याच वर्षीं यूसुफ आदिलशहा मरण पावून अल्पवयी इस्माईलच्या नांवानें कमालखान कारभार पाहूं लागला. गोवें परत घेण्यासाठीं विजापूरची फौज १५१२ पर्यंत त्या बाजूस झगडत होती खरी. परंतु खुद्द कमालखानानें फिरंग्यांशीं सलोखा केला, व १५११ मध्यें जैनखानाच्या हातून सोलापूर व त्याखालील साडेपांच परगणे घेतले. जैनखान हा परंड्याच्या ख्वाजा जहानाचा भाऊ, आणि या घराण्याचा ओढा अहमदनगराकडे होता. बंदर सोडून भुईकोट घेण्याच्या या राजकारणांतच पुढील वैराचें बीज आहे.

इ. स. १५२४ मध्यें इस्माईल आदिलशहा व बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापुरास भेट झाली आणि इस्माईलची बहीण बीबी मरियम बुऱ्हाणास दिली. सोलापूरचा किल्ला आंदण द्यावयाचा असें ठरल्याचें निजामशाही पक्षाचें म्हणणें होतें. किल्ला मिळाला नाहीं. लगेच बुऱ्हाणानें वऱ्हाडचा इमादशहा व बेदरचा अमीर बरीद यांस घेऊन सोलापुरावर चाल केली व तो पराभव पावला. इकडे चौलास त्याच बुऱ्हाणाच्या परवानगीनें १५२१ मध्यें सुरू झालेला फिरंगी कोट १५२४ च्या सुमारास पुरा होत होता. ज्या वर्षीं दोन शहा एका किल्ल्याच्या आंदणाची बोलणीं करीत होते, त्याच सुमारास समुद्रावर तिसऱ्याचा किल्ला उभा राहिला.

फिरंग्यांनीं या वैराचा उपयोग मोठ्या दक्षतेनें केला. आदिलशाही गादीचा वारस म्हणविणारा अब्दुल्ला त्यांच्या आश्रयास होता. त्याच्या भीतीनें इब्राहीम आदिलशहानें १५४३ मध्यें बारदेश व साष्टी हे महाल सोडले. पुढें १५४७ मध्यें गव्हर्नर जुआंव द काश्त्रो यानें विजयनगराशीं तह करून गोव्याचे घोडे विजयनगरासच मिळावे, विजापुरास मिळूं नयेत, असें ठरविलें. त्याच वर्षीं निजामशहाशींहि फिरंग्यांचा तह झाला. पुढें १५५२ च्या सुमारास बुऱ्हाणानें विजयनगरच्या साह्यानें सोलापूर घेतलें. भूमीवरील जय मिळाला, पण तोंवर दर्या परक्याच्या हातीं गेला होता.

तंटा मिटला तोहि आंदणानेंच. हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी अली आदिलशहास १५६४ च्या सुमारास देण्यांत आली व सोलापूर विजापुराकडे आलें. या सोयरिकीचें पहिलें फळ १५६५ ची तालिकोटची लढाई. दुसरें फळ मात्र आमचे इतिहासकार क्वचितच सोलापुराशीं जोडतात. १५७० च्या अखेरीस अली आदिलशहानें गोव्यास व मुर्तजा निजामशहानें चौलास वेढा घातला, आणि कालिकतचा सामुरी त्यांस मिळाला. चालियमचा फिरंगी कोट सामुरीनें १५७१ मध्यें जिंकला. परंतु गोवें व चौल पडलीं नाहींत. व्हाइसरॉय लुइस द आताईद यास समुद्र मोकळा होता, दारूगोळा व माणसें जहाजांनीं येत राहिलीं, आणि दोन्ही शहांस त्याच वर्षीं तह करावे लागले.

येथें असा आक्षेप येईल कीं, आरमार नसतां एकी असून तरी काय साधलें? आक्षेपांत तथ्य आहे. १५७१ नें तें सिद्धच केलें. परंतु १५१० च्या आसपास गोव्याचा व पुढें चौलचा कोट कोवळा होता. साठ वर्षांनीं तेथें पक्के तट, तोफखाना व वसलेलें शहर होतें. एकी झाली, पण ती वेळ टळल्यावर. सोलापूरच्या तंट्याची खरी किंमत साडेपांच परगणे नव्हे, तर हीं वर्षें होत.

संग्राहकांसाठीं एक सूचना. फेरिस्ता १५८९ पासून विजापुराकडे होता, तर ‘बुऱ्हान-इ-मआसिर’चा कर्ता सय्यद अली तबातबा अहमदनगरच्या पदरीं होता, म्हणून सोलापूरविषयीं दोघांचाहि पक्षपात गृहीत धरावा. दर्याची बाजू पोर्तुगीज तहनाम्यांत आहे. हे तिन्ही वर्ग शेजारीं ठेवून तारखा जुळविल्या, तरच या प्रकरणाचा निर्णय होईल. तसेंच सोलापूर-परंडें भागांतील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत निजामशाही व आदिलशाही अमलाचीं फर्मानें व महजर आढळल्यास त्यांच्या तारखा अवश्य टिपून ठेवाव्यात. कोणत्या वर्षीं कोणाचा अंमल बसला, हें तवारिखेपेक्षां असले कागदच अधिक खरें सांगतात.