चाळीसगावचा टांगा

टांगेवाल्यांच्या बोलीत उतारूला ‘सवारी’ म्हणतात. भाडे ठरले की कोणीही सवारी, असे हा शब्द सांगतो. १९२९ साली चाळीसगाव स्टेशनावर तो खोटा ठरला.

सरकारी समितीच्या कामावरून मुंबईला परतणारे बाबासाहेब तिथल्या महार बांधवांच्या आग्रहाने मुक्कामाला थांबले. वस्ती सुमारे दोन मैल लांब. पाहुण्याने पायी यावे हे बांधवांना मानवेना आणि अस्पृश्याला नेणे टांगेवाल्यांना मानवेना. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही! म्हणजे गाडीला विटाळ नाही, घोड्याला नाही, पैशाला तर नाहीच. फक्त लगाम धरणाऱ्या हाताला. (टांग्यात मागची सवारी हाकणाऱ्याकडे पाठ करूनच बसते, तरीही!)

कधी टांगा न हाकलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला. नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला, घोडा-गाडी नदीत. खरे कारण त्यांना नंतर कळले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मित्रांनो, याला नुसता ‘अपघात’ म्हणणाऱ्यांना एवढेच विचारा, सराईत टांगेवाले तेव्हा कुठे होते?