वेब ब्राउझरमधील कुकी : उपयुक्तता व खासगीपणा यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एखादे संकेतस्थळ उघडताच ‘कुकी स्वीकारा’ अशी सूचना पडद्यावर येते आणि बहुतेक वापरकर्ते ती न वाचताच मान्य करतात. संकेतस्थळ वाचकाच्या ब्राउझरमध्ये जी लहानशी नोंद ठेवते, तिला कुकी म्हणतात. सोयीसाठी निर्माण झालेली ही नोंद पाळतीचे साधन कशी बनली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उगम व उपयुक्तता :
संकेतस्थळाची पाने वाचकापर्यंत पोहोचविणाऱ्या एचटीटीपी या नियमावलीला स्वतःची स्मृती नाही. पहिले पान मागणारा व दुसरे पान मागणारा वाचक एकच आहे, हे सर्व्हरला कळत नाही. अशा व्यवस्थेत खरेदीसाठी निवडलेल्या वस्तूंची नोंद एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणे अवघड होते. एमसीआय या अमेरिकन दूरसंचार कंपनीला व्यवहाराची अर्धवट माहिती आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवायची नव्हती. तिची ही गरज भागविण्यासाठी नेटस्केप कंपनीतील अभियंता लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची रचना केली. युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या परिभाषेतील ‘मॅजिक कुकी’ या संज्ञेवरून हे नाव घेतले गेले.

प्रत्येक ब्राउझरला कायमचा ओळखक्रमांक देणे, हा अधिक सोपा पर्याय होता. परंतु तो क्रमांक सर्वच संकेतस्थळांना दिसला असता व वाचकाचा माग काढणे शक्य झाले असते, म्हणून माँटुली यांनी तो नाकारला. कुकी ज्या संकेतस्थळाने ठेवली, त्यालाच ती परत मिळेल, असे बंधन त्यांनी घातले. खासगीपणाचा विचार मूळ रचनेतच होता, ही बाब लक्षणीय आहे.

त्रयस्थ कुकीचा प्रश्न :
या बंधनात एक पळवाट राहिली. वृत्तपत्राच्या पानावरील जाहिरात पुष्कळदा जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि तो सर्व्हरही स्वतःची कुकी ठेवू शकतो. त्याच कंपनीच्या जाहिराती दुकानाच्या वा आरोग्यविषयक संकेतस्थळावर असल्यास तीच कुकी तेथेही ओळखली जाते. परिणामी जो माग टाळावयाचा होता, तोच काढणे शक्य झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने या विषयावर लेख प्रसिद्ध केल्यानंतर कुकीची सार्वजनिक चर्चा सुरू झाली.

फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टल व माँटुली यांनी लिहिलेला ‘आरएफसी २१०९’ हा तांत्रिक मानक प्रसिद्ध झाला. वापरकर्त्याने परवानगी दिल्याखेरीज ब्राउझरने त्रयस्थ कुकी स्वीकारू नये, अशी त्याची भूमिका होती. जाहिरात कंपन्यांनी तीस विरोध केला. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांनीही ती अमलात आणली नाही. या प्रश्नाचे गांभीर्य लवकरच दिसून आले. डबलक्लिक या जाहिरात कंपनीने १९९९ मध्ये अबॅकस ही ग्राहकांच्या खरेदीची नावानिशी माहिती बाळगणारी कंपनी विकत घेतली. निनावी कुकी व ही माहिती एकत्र जोडण्याची तिची योजना तीव्र टीकेनंतर मार्च २००० मध्ये स्थगित करावी लागली.

कायदा व तंत्रज्ञान :
युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कुकीविषयी माहिती व नकाराचा अधिकार दिला. २००९ च्या दुरुस्तीने पूर्वसंमती आवश्यक केली. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. मार्च २०२० पासून ॲपलच्या सफारी ब्राउझरने त्रयस्थ कुकी पूर्णतः रोखल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या हटविण्याची घोषणा केली. परंतु जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. या कंपनीचे उत्पन्न मुख्यत्वे जाहिरातींवर अवलंबून आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
१) कुकी मुळात दोषास्पद नाही, तिच्यावाचून लॉगिन वा ऑनलाइन खरेदी अवघड झाली असती.
२) खासगीपणाचा धोका मुख्यतः त्रयस्थ वापरातून उद्भवला आणि त्यावरील उपाय १९९७ मध्येच ज्ञात होता.
३) बहुसंख्य वापरकर्ते ब्राउझरची मूळ मांडणी बदलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पानावर संमती मागण्यापेक्षा ती मांडणी कोण व कोणाच्या हितासाठी ठरवितो, हाच खासगीपणाचा कळीचा प्रश्न ठरतो.